आसनामागील पेटी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात ‘आपला व्यवसाय’ या सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्या, विवाह आणि ज्ञातीची एकी या विषयांवर भाषणे होतात, आणि ती व्हावयासही पाहिजेत. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली ती मात्र निराळी. ‘व्यवसायात उपयोगी पडेल असे काही सांगा,’ असा निरोप आला. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या पेशात शिरलो आणि सारा जन्म खडू-फळ्याच्या सहवासात काढला. परंतु ज्या घरात रंधा, पटाशी आणि गुण्या भिंतीला टांगलेला असे, त्या घरात आम्ही वाढलो. तेव्हा मोजमापाची आवड आमच्या अंगी शाळेपूर्वीच मुरलेली आहे. तिच्याच भरवशावर आज आम्ही एक अगदी लहान विषय आपणांपुढे ठेवीत आहो. पिकअप गाडीच्या पुढील आसनामागे जी चिंचोळी जागा असते, तीत कुलूपबंद पेटी कशी बसवावी, हा तो विषय होय.

विषय ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले आम्हांस येथून दिसते. ज्ञातिसंमेलनात पेटीची कसली चर्चा, असे त्यांस वाटत असेल. त्यांनी कृपा करून सभागृहाबाहेरच्या मैदानाकडे एकवार दृष्टी टाकावी. आपल्यापैकी किती कुटुंबे आज पिकअपमधून येथे आली आहेत ते दिसेल. कोणी त्या गाडीचा मालक आहे, कोणी चालक आहे, आणि कोणी अशा गाड्यांचे हौदे, फाळके व जाळ्या बांधणारा कारागीर आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने बैलगाडी घडविली. सुताराने तुंबा कातावा, आरे ठोकावे आणि लोहाराने तापलेली धाव चाकावर चढवावी, असा तो दोन हातांचा संसार होता. ती गाडी गेली. परंतु शेतातला माल बाजारी नेण्याचे काम गेले नाही. ते आता पिकअपने उचलले आहे. २००५ साली टाटांची ‘एस’ ही लहान मालगाडी बाजारात आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव बहाल केले. तेव्हापासून तर गावोगावी धंद्याचे हे साधन घरच्या अंगणात येऊन उभे राहिले. ज्यांनी बैलगाडीची साटी बांधली, त्यांच्या नातवांनी या गाडीचा हौदा बांधावा, हे क्रमप्राप्तच होते.

आता या गाडीची एक अडचण पाहा. हौद्यात वीस मण माल भरता येतो, पण मालकाला स्वतःचे चार जिन्नस निर्धोक ठेवावयाचे म्हटले तर जागा नाही. जॅक, पाने, टॉमी, दोरखंड, बॅटरी, चालकाचे कपडे, जेवणाचा डबा, शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबपट्ट्या आणि बाजारातून मिळालेली रोकड हे सारे कोठे ठेवावे? डॅशबोर्डाचा खण चिमुकला असतो, आणि त्याचे कुलूप म्हणजे नावापुरतेच. मग एक पिशवी आसनाच्या मागे खोचली जाते. चोरालाही हे ठाऊक असते. किंबहुना, केबिनची काच फोडली की त्याचा हात सर्वप्रथम तेथेच जातो.

आमच्या परिचयातील एका तरुणाची हकीगत सांगतो. नाव सांगत नाही, कारण तो या सभेत बसला असण्याचा संभव आहे. सहा शेतकऱ्यांचा टोमॅटो घेऊन तो रात्री वाशीच्या बाजारात गेला. पहाटे माल उतरला, पट्ट्या मिळाल्या, काही रोख रक्कमही मिळाली. परतताना महामार्गावर चहासाठी थांबला. पंधरा मिनिटांत परत येऊन पाहतो तो काच फुटलेली आणि आसनामागची पिशवी नाहीशी. पैसे गेले ते गेलेच, त्या महिन्याचा गाडीचा हप्ता चुकला. परंतु त्याला खरे दुःख झाले ते पट्ट्या गेल्याचे. कोणाच्या किती पेट्या कोणत्या भावाने गेल्या, हे सांगण्यास त्याच्यापाशी कागद उरला नाही. आडत्याकडून नकला मिळेपर्यंत आठ दिवस गेले, आणि ते आठ दिवस त्याला सहा घरांच्या ओसरीवर मान खाली घालून उभे राहावे लागले. कोणी त्याला चोर म्हटले नाही. पण कोणी ‘चहा घे’ असेही म्हटले नाही. सज्जनहो, भाडोत्री गाडीवाल्याचे भांडवल म्हणजे त्याच्यावरचा विश्वास, आणि तो त्या दिवशी एका साध्या पिशवीत होता.

म्हणून ही पेटी हवी. परंतु ती कशी हवी, हे सांगण्याआधी एक मुख्य सूत्र आपण ध्यानी धरावे, अशी आमची विनंती आहे. ‘सुरक्षित पेटी’ म्हटले की आपण केवळ चोराचा विचार करतो. वस्तुतः पेटीला दोन कसोट्या आहेत. पेटीतील माल चोरापासून सुरक्षित असला पाहिजे, ही एक. आणि गाडीतील माणूस त्या पेटीपासून सुरक्षित असला पाहिजे, ही दुसरी. आमच्या मते दुसरी कसोटी पहिली आहे. जी पेटी आधी माणसाला निर्धोक, ती मग मालाला. आज जे काही सांगणार आहो, ते या एका सूत्राचे विवरण आहे.

आसनामागे जागा राखण्याची कल्पना नवीन नाही. पिकअप ही मुळात अमेरिकेतील शेतकऱ्याची गाडी. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीवर कारखान्यातच मालाचा हौदा बसवून ती विकावयास काढली. त्यापूर्वी तेथील शेतकरी मोटारीचा मागचा भाग कापून स्वतःच लाकडी हौदा बसवून घेत असत, म्हणजे तेथेही प्रारंभ सुतारापासूनच झाला. पुढे तेथील लोकांना आपल्यासारखीच अडचण जाणवू लागली. हौद्यात ठेवलेली हत्यारे पावसाने भिजत आणि चोरीस जात. १९७३ साली डॉज कंपनीने ‘क्लब कॅब’ या नावाची पिकअप काढली. तिची केबिन आसनामागे थोडी लांबविलेली होती. पुढल्याच वर्षी फोर्डनेही ‘सुपर कॅब’ आणली. तेथे आता आसनामागे आणि आसनाखाली बसणाऱ्या तयार पोलादी पेट्या दुकानात मिळतात. आपल्याकडील मालवाहू गाड्या बहुधा आखूड केबिनच्या असल्यामुळे तयार पेटी त्यांत सहसा चपखल बसत नाही. तेथे कारागिराचाच हात लागतो.

आणि आपल्या कारागिराला ही कल्पना परकी तरी कोठे आहे? जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीत धान्यासाठी बळद असे. बाहेरून पाहणाऱ्यास ती नुसती भिंत दिसे. आतली जागा घराची असे, पण राहणाऱ्यांच्या वाटेत येत नसे. कोनाडा, फडताळ, बळद या साऱ्यांमागे एकच शहाणपण होते. जी जागा चालण्या-बसण्याच्या कामी येत नाही, ती साठवणीच्या कामी आणावी. आसनामागील फट हे आपल्या गाडीचे बळद आहे, असे समजा.

आता मोजमापाकडे वळू. पेटीचे काम पत्रा कापण्यापासून सुरू होत नाही, ते मोजण्यापासून सुरू होते. चालकास त्याच्या नेहमीच्या जागी बसवावे, आणि जो सर्वांत उंच मनुष्य ती गाडी चालवितो त्याच्या सोयीने आसन मागे सरकवावे. मग आसनाची पाठ आणि केबिनची मागची भिंत यांतील अंतर तीन ठिकाणी मोजावे. फरशीपाशी, कमरेच्या उंचीवर आणि खांद्याच्या उंचीवर. आसनाची पाठ मागे कललेली असल्यामुळे ही फट बहुधा खाली रुंद आणि वर निमुळती आढळते. म्हणून चौकोनी पेटी तेथे घालू नये. तिची पुढची बाजू आसनाच्या पाठीला समांतर, उतरती ठेवावी. आसन पुढे घेऊन, मनुष्याची गैरसोय करून पेटीला जागा देणे म्हणजे पाहुण्यासाठी घरधन्याला ओसरीवर निजविण्यासारखे आहे. पाय आखडून चार तास गाडी चालविणारा मनुष्य थकतो, आणि थकलेला चालक कोणत्याही चोराहून अधिक घातक असतो.

मोजणी झाली की जाड पुठ्ठ्याचा नमुना करावा. जुन्या खोक्याचा पुठ्ठा चालेल. तो नमुना आसनामागे ठेवून आसन पुढे-मागे सरकवून पाहावे, पाठ वाकवून पाहावी, सुरक्षा पट्टा ओढून पाहावा. पट्टा ज्या गुंडाळीतून येतो ती गुंडाळी झाकली जाता कामा नये. मागची काच झाकली जाता कामा नये. जॅक व पाना आधीपासून तेथे ठेवण्याची सोय असेल तर ती मोडता कामा नये. पुठ्ठा कापण्यास काही खर्च नाही. पत्रा चुकीचा कापला तर मात्र तो भंगारात जातो. शाळेत आम्ही मुलांना सांगत असू की, उत्तर पेनने लिहिण्यापूर्वी पाटीवर करून पाहा. पुठ्ठा ही कारागिराची पाटी होय.

एक उदाहरण घेऊ. समजा, जागा अशी निघाली की पेटी १०० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर उंच आणि सरासरी १५ सेंटिमीटर खोल बसते. तिच्यात ६० लिटर जागा झाली. एका संसारी चालकाच्या गरजेला ती पुष्कळ आहे. या पेटीला सर्व बाजू मिळून सुमारे सव्वा चौरस मीटर पत्रा लागतो. १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घेतला तर वजन १५ किलोच्या आसपास भरते. २ मिलिमीटरचा घेतला तर १९ किलो, आणि ३ मिलिमीटरचा घेतला तर २९ किलोच्या घरात जाते. पुष्कळांचा समज असा असतो की पत्रा जितका जाड तितकी पेटी भक्कम. हा समज पुरता खरा नाही. पत्र्याला बळकटी जाडीने येते, तशीच ती घडीनेही येते. कडा दुमडलेला पातळ पत्रा हा न दुमडलेल्या जाड पत्र्याला भारी पडतो, हे आपल्यातील कोणताही जाणता लोहार सांगेल. या कामाला १६ गेज पुरतो, हे आमचे मत आम्ही दोन अनुभवी कारागिरांना विचारूनच सांगत आहो.

आता वजनाविषयी इतका विचार का, ते ऐकावे. हा भाग आमच्या जुन्या विषयाचा, म्हणजे गणिताचा आहे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे ती सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. ती अकस्मात कशावर तरी आदळून थांबली. गाडी थांबते, पण आत मोकळी ठेवलेली वस्तू थांबत नाही. ती त्याच वेगाने पुढे जाते. उंचावरून पडणारी वस्तू हाच वेग सुमारे १० मीटर खाली आल्यावर गाठते. याचा अर्थ असा की, आसनामागे नुसती ठेवलेली हत्यारांची पेटी अपघातात तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून टाकल्याप्रमाणे चालकाच्या पाठीवर येते. आणखी पुढे पाहा. गाडीची पुढची बाजू चेंबून ती अर्ध्या मीटरात थांबली असे धरले, तर पेटीला जागच्या जागी धरून ठेवण्यास तिच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर लागतो. १५ किलोची पेटी आणि तिच्यात २० किलोचा ऐवज, म्हणजे ३५ किलो. त्याच्या २० पट म्हणजे ७०० किलो, सात क्विंटल! हा सात क्विंटलांचा धक्का त्या क्षणी आपल्या मुलाच्या पाठीकडे झेपावत असतो. आसनाच्या पाठीत असते काय? थोडी नळी, थोडा फोम आणि वर रेक्झिन. म्हणून पेटी फरशीला पक्की जखडलेली पाहिजे, आणि तिच्यात जड वस्तू सर्वांत तळाशी पाहिजेत. जी पेटी जखडलेली नाही तिला कितीही भारी कुलूप लावा, ती सुरक्षित पेटी नव्हे.

जखडण्याची रीत अशी. ८ मिलिमीटरचे निदान चार बोल्ट, त्यांची डोकी पेटीच्या आत, आणि नट गाडीच्या फरशीखाली. डोकी आत असल्यामुळे पेटी उघडल्यावाचून त्यांना पाना लावता येत नाही. परंतु मुख्य मुद्दा पुढेच आहे. अशा धक्क्यात बोल्ट सहसा तुटत नाही, फरशीचा पातळ पत्रा फाटतो आणि बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो. म्हणून फरशीखाली प्रत्येक नटाशी नुसते वॉशर न घालता हाताच्या पंजाएवढी ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी द्यावी. त्यायोगे जोर विस्तृत जागेवर वाटला जातो. आपले पूर्वज तुळईखाली दगडी पाटथर देत असत, तद्वतच हे. आसनाचे अथवा सुरक्षा पट्ट्याचे मूळ बोल्ट सैल करून त्यांच्याखाली पेटीचे कान अडकविण्याची सोपी युक्ती काही जण करतात. ती करू नये. ज्या बोल्टावर मनुष्याचा जीव टांगलेला आहे, त्यावर पेटीचा भार टांगू नये.

भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली निजून पाहावे, ही आमची हात जोडून विनंती आहे. फरशीखालून ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि विजेच्या तारांचा जुडगा जात असतो. डिझेलची टाकीही पुष्कळ गाड्यांत जवळच असते. ज्या लहान गाड्यांचे इंजिन आसनाखालीच असते, तेथे तर उष्णता आणि दुरुस्तीची झाकणे यांचाही विचार करावा लागतो. पेटीचे सर्व वेल्डिंग गाडीबाहेर, कारखान्यात उरकावे. गाडीच्या आत वेल्डिंगचा एक ठिपकाही देऊ नये. रेक्झिन, फोम आणि तारा यांना ठिणगी पुरे होते. भोकांच्या कडांना रेडऑक्साइड लावून त्या बंद कराव्या, नाही तर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. पेटीच्या तळाला एक बारीक भोक ठेवावे म्हणजे दमट हवेचे पाणी साचत नाही. आतून जाड नमद्याचे अथवा रबराचे अस्तर द्यावे. त्याने हत्यारे खडखडत नाहीत.

या अस्तराच्या आत लाकडी कप्पे करावे, असे आम्ही सुचवितो. बाहेरची पेटी लोहाराची, आतले कप्पे सुताराचे. कागदपत्रांना एक उभा कप्पा, पान्यांना खाचा पाडलेली फळी, रोकडीला एक लहान झाकणाचा खण. घरातील भगिनींनी पट्ट्यांसाठी मेणकापडाची पिशवी शिवून दिली तर पावसाची भीती उरणार नाही. एका पेटीत साऱ्या घराचा हात लागेल, आणि तो लागावा.

आता कुलूप. कुलूप सावासाठी, चोरासाठी नव्हे, असे जुनी माणसे म्हणत. त्यात अर्थ आहे. कोणतेही कुलूप चोराला कायमचे अडवीत नाही, ते त्याचा वेळ खाते. रस्त्यावरच्या चोराजवळ वेळ थोडा असतो, म्हणून वेळ हीच आपली तटबंदी. ती अशी रचावी. पेटीचे दार पुढच्या बाजूस ठेवावे, म्हणजे आसनाची पाठ पुढे पाडल्यावाचून ते उघडत नाही. आसनाची पाठ पडत नसेल तर झाकण वरच्या बाजूस घ्यावे. बिजागऱ्या आतल्या अंगास असाव्या, कारण बाहेरच्या बिजागरीची खीळ ठोकून काढणे हे मिनिटाचे काम आहे. दाराच्या चारी कडा चौकटीवर चढणाऱ्या, ओठासारख्या दुमडलेल्या असाव्या, म्हणजे फटीत टॉमी शिरत नाही. साधे कडी-कोयंड्याचे कुलूप लावावयाचे असेल तर ते पत्र्याच्या खोबणीत आत घ्यावे. कुलपाचा कडा जितका थोडा दिसेल तितकी कातरीला पकड थोडी. आणि किल्ली? ती गाडीच्या किल्लीच्या कड्यात अडकवू नये. गाडीची किल्ली मेकॅनिकच्या हाती जाते, किन्नराच्या हाती जाते, धुणाऱ्याच्या हाती जाते. पेटीची एक किल्ली कनवटीला आणि दुसरी घरी देवघरात, हा नियम उत्तम.

पेटीत काय ठेवावे हे आपण जाणता. काय ठेवू नये ते सांगतो. प्रथमोपचाराची पेटी आणि आग विझविण्याचे नळकांडे कुलपात ठेवू नये. त्यांची गरज लागते तेव्हा किल्ली शोधण्यास अवसर नसतो. डिझेलचा डबा, लायटर, गॅसची कुपी आत ठेवू नये. बंद केबिन वैशाखाच्या उन्हात भट्टीसारखी तापते. त्यामुळे मोबाइलची जादा बॅटरी आणि औषधेही तेथे नकोत. गाडीच्या मूळ कागदपत्रांविषयी एक चांगली सोय झाली आहे. २०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारने नियम बदलून डिजिलॉकर अथवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधील कागद ग्राह्य ठरविले. तेव्हा मूळ कागद घरी ठेवावे आणि मोबाइलमध्ये ते घ्यावे. टोलही फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅगने भरणे सक्तीचे झाले, त्यामुळे त्यासाठी सुटी रोकड बाळगण्याचे कारण कमी झाले. आडत्याकडून रक्कम थेट बँकेत घेता येत असेल तर तशी घ्यावी. आणि रात्री गाडी उभी केली की पेटी रिकामी करावी. सर्वांत सुरक्षित पेटी ती, जिच्यात रात्री चोरण्यासारखे काही नसते.

कायद्याचाही दोन शब्दांत विचार करू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने गाडीत करावयाचा नसतो. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या एका निकालात हेच ठामपणे सांगितले. म्हणून केबिनची मागची भिंत कापून ती हौद्यात वाढविणे, एखादे आसन काढून टाकून तेथे तिजोरी करणे असले उद्योग कोणी करू नयेत आणि कोणी करवून मागितल्यास आपल्या कारागिरांनी करून देऊ नयेत. आपण सांगितलेली पेटी गाडीचा आकार व आसने यांना हात लावीत नाही. तरीही शंका असेल तेथे परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे, आणि नवी गाडी असेल तर हमीच्या अटीही वाचून घ्याव्या.

आता एक अप्रिय गोष्ट बोलणे प्राप्त आहे. या व्याख्यानाचे खरे प्रयोजन तीच आहे, असे म्हटले तरी चालेल. आपल्या तरुण कारागिरांकडे अधूनमधून असे गिऱ्हाईक येते की, ज्याला पेटी नको असते, चोरकप्पा हवा असतो. दिसणार नाही असा, ठोकून पाहिले तर पोकळ वाजणार नाही असा. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. ज्या मालावर बंदी असते, त्याला चोरवाटा आणि चोरकप्पे लागतातच. असे गिऱ्हाईक भाव करीत नाही, दुप्पट मजुरी देते आणि पावती मागत नाही. ज्याच्या कारखान्यात आठ-आठ दिवस भाता थंड असतो, त्या मुलाला तो पैसा दिसतो. आम्ही त्या मुलाला दोष देण्यास येथे उभे नाही. गरज काय असते ते आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्याने एवढे जाणावे की पेटी आणि चोरकप्पा यांत पत्र्याचा भेद नाही, हेतूचा आहे. आपली पेटी सर्वांना दिसते. तपासणीसाठी पोलिसाने हटकले तर मालक स्वतः किल्ली काढून ती उघडतो आणि त्याचा हात कापत नाही. ती कुलूपबंद आहे, चोरटी नाही. चोरकप्पा करणाऱ्याचे मात्र गाडी पकडली जाईल त्या दिवशी नाव निघते, आणि त्याच्याबरोबर त्याच्या बापाच्या कारखान्याचेही निघते.

आपल्या परंपरेत विश्वकर्म्याचे पाच पुत्र सांगितले आहेत. मनु लोखंडाचा, मय लाकडाचा, त्वष्टा तांब्याचा, शिल्पी पाषाणाचा आणि दैवज्ञ सुवर्णाचा. त्या कथेचा आम्ही लावलेला अर्थ असा की, पदार्थ पाच असले तरी घडविणाऱ्याचे इमान एकच असावे. कारागिरी कोणा एका ज्ञातीची मिरास राहिलेली नाही, आणि राहूही नये. आज आयटीआयमधून सर्व समाजांची मुले वेल्डिंग शिकून बाहेर पडत आहेत, हे उत्तमच आहे. त्यांच्यात आपण उठून दिसावयाचे असेल तर आडनावाने दिसणार नाही. आपल्या मुलाने बसविलेल्या पेटीचा बोल्ट अपघातात निघाला नाही, एवढ्याच एका गोष्टीने दिसू.

म्हणून कार्यकारी मंडळास आमच्या दोन सूचना आहेत. एक, ज्ञातीतील ज्या कारागिरांची इच्छा असेल त्यांनी एकत्र बसून दोन-चार प्रचलित गाड्यांच्या पेट्यांचे पुठ्ठ्याचे नमुने तयार करावे आणि ते ज्ञातीच्या कार्यालयात सर्वांसाठी ठेवावे. एकाने मोजलेले दहा जणांच्या कामी येईल. दोन, जो कारागीर पेटी बसवील त्याने तिच्या आतल्या बाजूस आपले नाव आणि तारीख ठशाने उठवावी. जुने तांबट भांड्यावर नाव घालीत असत. नाव घातलेल्या वस्तूत कोणी कमी जाडीची पट्टी घालीत नाही, हा आमचा विश्वास आहे. चोरकप्प्यावर तर कोणी नाव घालणारच नाही, आणि तीच त्याची ओळख.

असो. विषय पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या फटीचा होता आणि आम्ही आपला बराच वेळ घेतला. परंतु त्या फटीत रात्री दोन वाजता घाट उतरणाऱ्या एका मुलाची कमाई, सहा शेतकऱ्यांचा विश्वास आणि त्या मुलाची पाठ एवढे सारे सामावलेले असते. ते जपण्याइतके मोजमाप आपल्या हातांना येते. ते आपण करावे, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.